पोलर व्होर्टेक्स : वर आकाशात काय शिजतंय?

दर हिवाळ्यात एकदा तरी टीव्हीवरचा हवामानाचा नकाशा निळा-जांभळा होतो आणि 'पोलर व्होर्टेक्स' हा शब्द बातम्यांत फिरू लागतो. मग पुण्या-नाशिकहून हमखास फोन येतो, "तुमच्याकडे तो कसला बर्फाचा भोवरा येतोय म्हणे, सांभाळून राहा रे बाबांनो." बातमी ऐकून असंच वाटतं, की उत्तर ध्रुवावर एक राक्षस बसलेला आहे आणि लहर लागली की तो खाली उतरून शिकागो किंवा लंडनवर येऊन आदळतो.

प्रत्यक्षात पोलर व्होर्टेक्स, म्हणजे ध्रुवीय भोवरा, हे वादळ नाही. तो कुठून येत नाही, कुठे जात नाही. उत्तर गोलार्धात तो दर हिवाळ्यात असतोच. गंमत अशी, की तो धडधाकट असतो तेव्हा थंडी ध्रुवाजवळ कोंडलेली राहते. तो आजारी पडला, की आपली पंचाईत होते. आणि त्याला आजारी पाडणाऱ्या लहरी वरून नाही, खालून येतात. हिमालय, रॉकी पर्वत आणि समुद्रकिनारे यांच्यापासून निघून त्या तीस किलोमीटर उंच जातात. या लेखात आपण त्या लहरींचा मागोवा घेऊ. तो समजला, की थंडीची चाहूल कधीकधी दोन-तीन आठवडे आधी का लागते, आणि तरीही खात्री का देता येत नाही, हे दोन्ही उलगडतं.

खालचा मजला, वरचा मजला

आपलं सगळं रोजचं हवामान, म्हणजे ढग, पाऊस, बर्फ, वादळं, वातावरणाच्या तळमजल्यावर घडतं. या थराला तपांबर म्हणतात. ध्रुवाजवळ त्याची उंची साधारण ८ ते १० किलोमीटर, विषुववृत्तावर १६ ते १८ किलोमीटर. इथे वर जावं तसं थंड होत जातं.

त्याच्या वरचा मजला म्हणजे स्थितांबर, इंग्रजीतलं स्ट्रॅटोस्फिअर. तो सुमारे ५० किलोमीटरपर्यंत जातो. इथे ओझोन वायू सूर्याचे अतिनील किरण शोषून तापतो, त्यामुळे वर जावं तसं तापमान वाढत जातं. गरम हवा वर आणि थंड हवा खाली अशी मांडणी असल्यामुळे हवा सहजासहजी वरखाली होत नाही. 'स्थित' हे नाव म्हणूनच शोभतं.

आता हिवाळ्यातल्या उत्तर ध्रुवाची कल्पना करा. तिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. ओझोन आहे, पण शोषायला किरणच नाहीत. ध्रुवावरचं स्थितांबर थंड होत होत उणे ८० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. दक्षिणेकडच्या, ऊन मिळणाऱ्या हवेत आणि या हवेत तापमानाचा मोठा फरक पडतो. हा फरक आणि पृथ्वीचं फिरणं या दोहोंमुळे ध्रुवाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या जोरदार वाऱ्यांचं कडं तयार होतं. हाच ध्रुवीय भोवरा. शरद ऋतूत तो जन्मतो, वसंतात ऊन आलं की विरून जातो.

लहरी कुठून येतात?

ग्रहीय लहरी म्हणजे वाऱ्याच्या वाटेतली प्रचंड नागमोडी वळणं. एका वळणाची लांबी हजारो किलोमीटर असते. आपल्या डोक्यावरून दहा-एक किलोमीटर उंचीवर वाहणारी जेट स्ट्रीम नकाशावर वर-खाली झोके घेताना दिसते, ती या लहरींमुळेच. त्यांचं गणित १९३९ साली मांडलं कार्ल-गुस्ताफ रॉसबी या स्वीडनमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या शास्त्रज्ञाने. म्हणून त्यांना रॉसबी लहरी असंही म्हणतात.

वारा सरळ का जात नाही? यासाठी एक प्रयोग मनात करा. तुम्ही बरोबर उत्तर ध्रुवावर उभे आहात. पृथ्वी फिरते तसे तुम्हीही स्वतःभोवती दिवसाला एक गिरकी घेता. विषुववृत्तावर उभे राहिलात तर पृथ्वीबरोबर गोल प्रवास होतो, पण स्वतःभोवती गिरकी शून्य. मधल्या गावांना अक्षांशाप्रमाणे वाटा मिळतो. पुण्याला ध्रुवाच्या साधारण एक तृतीयांश, शिकागोला दोन तृतीयांश, लंडनला पाऊणहून थोडा जास्त.

हवेलाही ही गिरकी मिळते. हवेची एकूण गिरकी, म्हणजे पृथ्वीकडून मिळालेली आणि तिची स्वतःची मिळून, कायम राहायला बघते. हवा उत्तरेकडे सरकली की पृथ्वीचा वाटा वाढतो, म्हणून तिची स्वतःची गिरकी घटते, आणि ती उजवीकडे वळून पुन्हा दक्षिणेला येते. दक्षिणेला जरा जास्तच आली की उलटं होतं आणि ती परत उत्तरेला वळते. झोपाळ्यासारखं मध्यावर थांबता येत नाही. हा झोका म्हणजेच रॉसबी लहर.

पण झोपाळ्याला पहिला धक्का कोण देतं? सगळ्यात मोठे धक्के देतात पर्वत. फुगडी आठवा. दोघी जवळ आल्या की गिरकी वाढते, हात ताणून मागे झुकल्या की मंदावते. वाऱ्याचा उभा स्तंभ तिबेटच्या पठारावर किंवा रॉकी पर्वतावर चढतो तेव्हा तो दबून बुटका आणि रुंद होतो, म्हणून त्याची गिरकी मंदावते. पलीकडे उतरताना पुन्हा उंच-बारीक होऊन वाढते. झाला धक्का. दुसरा धक्का जमीन आणि समुद्र यांच्यातल्या तफावतीचा. हिवाळ्यात सैबेरिया गोठलेला असतो आणि शेजारचा प्रशांत महासागर त्यामानाने उबदार.

पर्वत आणि किनारे जागचे हलत नाहीत, म्हणून त्यांनी उठवलेल्या सर्वात लांब लहरीही जवळजवळ जागच्या जागी उभ्या राहतात. नदीतल्या खडकामागे पाणी वाहत असतं, पण लाट तिथेच दिसते, तसंच.

वर जायचा परवाना

या लहरी आडव्या पसरतात तशा उभ्याही चढतात. मात्र सगळ्यांना वरच्या मजल्यावर प्रवेश नाही. १९६१ साली ज्यूल चार्नी आणि फिलिप ड्रेझिन यांनी याचा नियम शोधला. वरचा वारा पश्चिमेकडून वाहत असेल आणि फार जोराचा नसेल, तरच जागच्या जागी उभी असलेली लहर वर चढू शकते. त्यातही फक्त सर्वात लांब लहरी, म्हणजे सबंध पृथ्वीला वळसा घालताना ज्यांची एक, दोन किंवा फार तर तीन वळणं होतात अशा. रोजच्या वादळांच्या छोट्या लहरी दारातच अडतात.

उन्हाळ्यात स्थितांबरातले वारे उलटे, पूर्वेकडून वाहतात. तेव्हा दार पूर्ण बंद. म्हणून हा सगळा खेळ हिवाळ्यातच चालतो.

जी लहर वर चढते तिचं काय होतं? पोतराजाचा आसूड पाहिलाय ना? मुठीकडे जाड, टोकाकडे बारीक. मनगटाचा एक झटका टोकापर्यंत पोचेस्तोवर कडाड आवाज करण्याइतका वेगवान होतो, कारण तीच ऊर्जा कमी कमी वस्तुमानाच्या वाट्याला येत जाते. हवेचंही तसंच. तीस किलोमीटरवर हवेची घनता जमिनीजवळच्या जेमतेम दीड टक्का उरते. वाटेत ऊर्जा वाया गेली नाही, तर लहरीचा झोका तिथे सुमारे आठपट मोठा होतो. खाली जी वाऱ्याची साधी वळणं होती, ती वर जाऊन भोवऱ्याला हलवण्याइतकी बलदंड होतात.

लाट फुटते, भोवरा कोलमडतो

किनाऱ्याजवळ आलेली समुद्राची लाट उंच होते आणि शेवटी फुटते. ग्रहीय लहरही एका मर्यादेपलीकडे वाढली की फुटते. फुटताना ती भोवऱ्याच्या वाऱ्याला ब्रेक लावते. कधी कधी ब्रेक इतका जबर असतो, की वारा थांबतो आणि उलटा वाहू लागतो. भोवरा ध्रुवावरून बाजूला ढकलला जातो किंवा त्याचे दोन तुकडे होतात.

वारा मंदावला की ध्रुवाकडे हवा सरकते, साचते आणि खाली बसू लागते. सायकलला पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, कारण दाबलेली हवा तापते. खाली बसणारी हवाही दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंश तापते. त्यामुळे काही दिवसांत ध्रुवावरच्या स्थितांबराचं तापमान ४०-५० अंशांनी चढतं. सूर्य अजून उगवलेलाही नसतो!

हे पहिल्यांदा दिसलं १९५२ च्या हिवाळ्यात, बर्लिनमध्ये. रिचर्ड शेरहाग हे जर्मन हवामानशास्त्रज्ञ उंच जाणाऱ्या फुग्यांवरच्या तापमानाच्या नोंदी पाहत होते. थोड्याच दिवसांत तापमानाने घेतलेली उसळी इतकी मोठी होती, की त्यांनी तिला 'स्फोटासारखी' म्हटलं. तिचं कारण मिळायला मात्र जवळजवळ वीस वर्षं गेली. १९७१ साली जपानच्या तारो मात्सुनो यांनी गणिती प्रतिमानात दाखवून दिलं, की खालून चढणाऱ्या ग्रहीय लहरी एवढं सगळं एकट्याने करू शकतात.

आज याला स्थितांबराची आकस्मिक तापवाढ म्हणतात. ६० अंश उत्तर अक्षांशावर, सुमारे ३० किलोमीटर उंचीवर, जिथे हवेचा दाब १० हेक्टोपास्कल असतो, तिथला सरासरी वारा हिवाळ्यात उलटला, की ती 'मोठी' घटना मानतात. दहा वर्षांत सरासरी सहा वेळा असं होतं. पण सरासरीवर जाऊ नका. जानेवारी २०१३ नंतरची पुढची मोठी घटना थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली.

एक गोष्ट इथे ध्यानात घ्या. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत कडाक्याची थंडी पडली आणि 'पोलर व्होर्टेक्स' हा शब्द घराघरात पोचला. त्या हिवाळ्यात स्थितांबरातला भोवरा एकदाही मोडला नव्हता! बातम्यांत तो शब्द बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरच्या थंड हवेच्या लोंढ्यासाठी वापरला जातो.

परतीचा प्रवास

वर एवढी उलथापालथ झाली, तरी तिथे हवा अगदी विरळ. ती खालच्या जड हवेला काय करणार? बरीच वर्षं शास्त्रज्ञांचंही असंच मत होतं. २००१ साली मार्क बाल्डविन आणि टिमोथी डंकर्टन यांनी अनेक दशकांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा दिसलं की वरचा बिघाड आठवडाभरात-पंधरवड्यात खाली झिरपतो आणि पुढे दोन महिन्यांपर्यंत जमिनीवरच्या हवामानाचा कल बदलून ठेवतो.

झिरपण्याचं एक कारण त्या परवान्यातच आहे. वरचा वारा उलटला की नव्या लहरींना त्या पातळीच्या वर जाता येत नाही. त्या तिच्या खालीच फुटतात, तिथला वारा मंदावतो, मग पुढच्या लहरी आणखी खाली फुटतात. असं करत करत बिघाड पायरी पायरीने खाली उतरतो. शेवटी ध्रुवीय प्रदेशात जमिनीजवळही हवेचा दाब वाढतो, जेट स्ट्रीम दक्षिणेकडे सरकते आणि जास्त वळणं घेऊ लागते. कडं ढिलं पडलं की सैबेरिया आणि कॅनडावर साठलेली थंड हवा दक्षिणेला सांडते. तुमच्या अंगणात येते ती थंडी अशी खालच्याच मजल्यावरची असते. तीस किलोमीटरवरची हवा तुमच्यावर कधीच कोसळत नाही. वरून येतो तो फक्त इशारा.

फेब्रुवारी २०१८ मध्ये हे अगदी पुस्तकात लिहावं तसं घडलं. १२ फेब्रुवारीच्या सुमारास वरचा वारा उलटला आणि भोवऱ्याचे दोन तुकडे झाले. पंधरा दिवसांनी सैबेरियाकडून थेट पश्चिमेला वाहणारे वारे युरोपभर पसरले. २६ तारखेला रोममध्ये बर्फ पडला. ब्रिटनमध्ये या थंडीला 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' असं नाव पडलं आणि आयर्लंडमध्ये लाल इशारा द्यावा लागला. त्याच आठवड्यात उत्तर ग्रीनलंडच्या टोकावर मात्र तापमान शून्याच्या वर गेलं होतं. थंडी वाढलेली नव्हती, तिची वाटणी बदलली होती.

दक्षिणेकडचा भोवरा आणि ओझोन

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या वाचकांना वाटेल, आमच्या बाजूला याची बातमी कधी का येत नाही? कारण तिथे बरंचसं पाणीच आहे. हिमालय-रॉकीसारखे अडथळे कमी, म्हणून लहरी दुबळ्या आणि दक्षिण ध्रुवावरचा भोवरा भक्कम. तो इतका थंड राहतो, की उणे ७८ अंशांच्या खाली तिथल्या स्थितांबरात खास ढग तयार होतात. या ढगांच्या कणांवर मानवनिर्मित क्लोरीन सक्रिय होतो आणि वसंतात ऊन येताच ओझोन खातो. ओझोनचं छिद्र अंटार्क्टिकावर पडण्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

नोंदी सुरू झाल्यापासून दक्षिणेत मोठी घटना एकदाच झाली, सप्टेंबर २००२ मध्ये. तेव्हा भोवऱ्याबरोबर ओझोनच्या छिद्राचेही दोन तुकडे झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये वारा उलटला नाही, पण भोवरा बराच दुबळा झाला. ओझोनचं छिद्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर सर्वात लहान राहिलं, ही चांगली बाजू. दुसरी बाजू अशी, की दुबळ्या भोवऱ्यामुळे पूर्व ऑस्ट्रेलियात उष्ण-कोरड्या हवेचा कल वाढतो. हिंदी महासागरातल्या त्या वर्षीच्या तापमानाच्या विषम मांडणीबरोबर हा कलही तिथल्या वणव्यांच्या मोसमात भर घालून गेला.

उलट उदाहरण २०२० चं. त्या हिवाळ्यात उत्तरेकडे लहरी दुबळ्या राहिल्या, भोवरा भक्कम राहिला. युरोपचा हिवाळा उबदार गेला आणि मार्चमध्ये चक्क उत्तर ध्रुवावर ओझोनची विक्रमी घट झाली.

टेक्सासने शिकवलेला धडा

५ जानेवारी २०२१ ला स्थितांबरातला वारा उलटला. फेब्रुवारीच्या मध्यावर टेक्सासवर थंडीची लाट आली. १६ फेब्रुवारीला डॅलसमध्ये उणे १९ अंश सेल्सिअस, म्हणजे उणे २ फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं. नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रातली उपकरणं गोठली, लाखो घरांची वीज गेली, आणि राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ जणांचा जीव गेला.

ही थंडी जानेवारीतल्या त्या घटनेमुळे आली का? यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. मधे पाच-सहा आठवडे गेले होते. काही संशोधक म्हणतात, फेब्रुवारीत भोवरा लांबट ताणला गेला होता. आशियावरून चढलेल्या लहरी वर आपटून परतल्या आणि उत्तर अमेरिकेवर उतरल्या. इतर काहींच्या मते अलास्काजवळचा उच्च दाबाचा पट्टा आणि खालच्या मजल्यावरच्या इतर घडामोडी एवढ्याने ती थंडी समजावता येते.

वाद काहीही असो, एक गोष्ट वादाची नाही. लाट येणार हे काही दिवस आधी कळलेलं होतं. २०११ च्या थंडीनंतर यंत्रणा हिवाळ्यासाठी सज्ज करण्याच्या शिफारशीही झालेल्या होत्या. अंदाज कितीही पुढे गेला, तरी पाइपला गुंडाळी कोणीतरी खालीच घालावी लागते.

बातमी वाचताना

यापुढे 'पोलर व्होर्टेक्स येतोय' असं ऐकलं, तर आधी विचारा : बोलणं कुठल्या मजल्याचं चाललंय? जेट स्ट्रीम खाली झुकल्याची बातमी असेल, तर थंडी दोन-चार दिवसांवर आहे. नेहमीचा अंदाज पाहून तयारीला लागा.

'स्थितांबरात आकस्मिक तापवाढ' अशी बातमी असेल, तर तो दूरचा इशारा समजा. वारा उलटणार हे साधारण आठवडा-दीड आठवडा आधी सांगता येतं. त्यानंतर दोन आठवडे ते दोन महिने उत्तर युरोप, उत्तर आशिया आणि काही प्रमाणात अमेरिकेचा पूर्व भाग इथे थंडीची शक्यता वाढते. दक्षिण युरोपात पाऊस वाढतो. मात्र साधारण तीनातल्या दोनच घटनांचा परिणाम जमिनीपर्यंत स्पष्ट पोचतो. तुमच्याच गावी कुठल्या दिवशी बर्फ पडेल, हे त्यातून कळत नाही.

फाशाचीच उपमा द्यायची, तर वरची घटना फासा एका बाजूला जड करते, आकडा मात्र खालीच पडतो. तेवढंही काही कमी नाही. दुसऱ्या कुठल्याही खुणेवरून हिवाळ्यातला तीन-चार आठवड्यांचा कल सांगणं फार अवघड असतं. म्हणून वारा उलटल्याची बातमी आली, की भट्टीची दुरुस्ती पुढे ढकलू नका, बाहेरच्या भिंतीतले नळ झाकून घ्या, आणि शेजारी कुणी एकटं म्हातारं माणूस राहत असेल तर त्यांच्याकडे हीटर चालू आहे ना, ते विचारून या. लाट आली नाही, तर नुकसान काहीच नाही. आली, तर ते दोन आठवडे सार्थकी लागले.